कुचिंगच्या चिनी कॉफीशॉपमधला नूडल्सचा नाश्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सरावाक राज्यात, कुचिंग नावाचं नदीकाठचं शहर आहे. गेली सात वर्षं मी इथे राहते आणि आठवड्यातून निदान दोनदा सकाळी घराजवळच्या चिनी कॉफीशॉपमध्ये जाऊन एक वाडगा कोलोमी खाते, बरोबर एक कप कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेते. गावाकडून येणारे पाहुणे, फोनवर बोलणारे नातेवाईक, फिरायला निघालेले मित्र असे सगळेच या नाश्त्याबद्दल विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

कोलोमी म्हणजे नक्की काय?

रस्सा नसलेल्या, कालवलेल्या गव्हाच्या नूडल्स. होक्किएन या चिनी बोलीत ‘मी’ म्हणजे नूडल्स, आणि ‘कोलो’ हे कँटोनीजमधल्या ‘कोन लो’ या शब्दांचं इथल्या तोंडी बसलेलं रूप; अर्थ ‘कोरडं कालवलेलं’. मराठीत ‘मी’ सुटा लिहिला की वाचताना गोंधळ होतो, म्हणून मी ‘कोलोमी’ असं जोडून लिहिते.

‘कालवलेलं’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. इथे कढई नाही, परतणं नाही. स्टॉलवरच्या आंटी आधी रिकाम्या वाडग्यात सगळी चव घालून ठेवतात: डुकराची वितळवलेली चरबी, छोट्या कांद्यांचं तेल, मीठ, पांढरी मिरपूड, चिमूटभर अजिनोमोटो, व्हिनेगरचे चार थेंब. मग नूडल्सची एक गुंडाळी उचलून ती बोटांनी झटकून मोकळी करतात आणि उकळत्या पाण्यात सोडतात. लांब चॉपस्टिक्सने दोन-तीनदा हलवलं की जाळीच्या झाऱ्याने उचलून थंड पाण्यात बुडवतात, आणि पुन्हा क्षणभर उकळत्या पाण्यात. थंड पाण्याने वरचा चिकटपणा धुतला जातो, शिजणंही तिथेच थांबतं. दुसरी गरम बुडी फक्त तापवण्यापुरती असते. त्यानंतर झारा दोनदा जोरात झटकायचा. या झटकण्यावर फार काही अवलंबून असतं. पाणी राहिलं तर चरबी नूडल्सला धरत नाही आणि वाडग्याच्या तळाशी पाणचट रस साचतो. मी पहिल्यांदा ज्या स्टॉलवर खाल्लं तिथे हेच झालं होतं, आणि त्यामुळे पुढचे दोन महिने मी कोलोमीच्या वाटेला गेले नाही.

कालवून झालं की वर खिमा, गोडसर लेप लावून भाजलेल्या डुकराच्या मांसाचे म्हणजे ‘चार सिऊ’चे पातळ काप, कांद्याची पात आणि तळलेला कांदा. शेजारी वाटीभर नितळ सूप आणि बशीत व्हिनेगरमध्ये मुरलेल्या हिरव्या मिरच्यांचे काप.

पांढरी आणि लाल असे दोन प्रकार सगळीकडे मिळतात. लालमध्ये चार सिऊचा गोडसर रस किंवा तेल घालतात. मी पांढरीच्या बाजूची आहे. तिच्यात लपायला जागा नसते. नूडल्स चांगल्या आहेत की नाहीत हे पहिल्या घासालाच कळतं.

सकाळी सकाळी नूडल्स? जड नाही होत?

हा प्रश्न आपल्याकडे येतो, कारण आपल्यासाठी ‘चायनीज’ ही संध्याकाळची, गाडीवरची गोष्ट आहे. पण शेवयांचा उपमा आपण सकाळीच खातो ना? आणि सिंधुदुर्गात ज्यांचं बालपण गेलं त्यांना शिरवाळे माहीत असतात: तांदळाच्या उकडीच्या, साच्यातून दाबून काढलेल्या शेवया, वर गूळ घातलेला नारळाचा रस. दक्षिणेत इडिअप्पम आहे. उकडलेल्या शेवया सकाळी खाणं आपल्याला परकं नाही, फक्त आपण त्याला नूडल्स म्हणत नाही.

कोलोमीचा वाडगाही लहान असतो. भरपेट जेवण म्हणून तो बनतच नाही. ज्यांना जास्त भूक असते ते ‘बसार’ म्हणजे मोठा मागतात.

आपल्या हक्का नूडल्ससारखी चव असते का?

नाही. सोया सॉसचा काळपट रंग, शिमला मिरची, कोबी, शेजवान चटणी यातलं इथे काहीच नसतं. गाडीवरचं चायनीज मला आवडतं. कोलकात्यातल्या चिनी वस्तीत जन्मून भारतभर पसरलेलं ते आपलं स्वतंत्र खाणं आहे. पण त्याची चव जिभेवर ठेवून कोलोमीकडे आलात तर पहिल्या घासाला ‘यात काहीच नाही’ असं वाटेल. चार घास थांबा. आधी चरबीचा स्निग्धपणा येतो, मग तळलेल्या कांद्याचा वास, मग मिरपूड, आणि प्रत्येक वेळी दाताखाली नूडल्सचा तो हलका ताण. मधेच एक मिरचीचा काप. मऊ भाताला जसं मेतकूट आणि लोणचं पुरतं, तसं हे खाणं आहे.

नूडल्स इतक्या पिवळ्या कशा? हळद घालतात का?

हळद नाही. काही कारखाने रंग घालतात, अंडंही असतं, पण मूळ कारण क्षार आहे. पीठ मळताना पाण्यात सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट मिसळतात. क्षारामुळे मैद्यातली मुळात रंगहीन असलेली काही द्रव्यं पिवळी पडतात, आणि ग्लूटेन घट्ट होऊन नूडल्सला तो रबरासारखा ताण येतो. आपल्याकडे उडदाच्या पापडाच्या पिठात पापडखार घालतात, तो याच घराण्यातला. मोठ्या बाजारातून ताज्या नूडल्सची पिशवी घरी आणून उघडली की जो एक खारट, साबणासारखा वास येतो तो या क्षाराचा. उकळताना निघून जातो.

नाव कॉफीशॉप, मग नूडल्स कोण विकतं?

इथली सगळी रचना या एका गोष्टीत आहे. मलेशिया-सिंगापूरमध्ये अशा दुकानाला कोपीतियाम म्हणतात. ‘कोपी’ मलय, ‘तियाम’ होक्किएन. अर्थ नुसता ‘कॉफीचं दुकान’. दुकानाचा मालक फक्त पेयं विकतो, फार तर टोस्ट आणि अर्धकच्ची अंडी. दर्शनी भागात तो चार-पाच स्टॉल भाड्याने देतो, आणि प्रत्येक स्टॉलचा एकच पदार्थ: कोणाची कोलोमी, कोणाचा लाक्सा (तिखट रश्शातल्या तांदळाच्या नूडल्स), कोणाचा कोंबडीभात. पंचवीस-तीस वर्षं एकच पदार्थ करणारी माणसं तुम्हाला इथे सहज भेटतील. रोज पहाटे तोच रस्सा, त्याच नूडल्स. त्यातून हाताला येणारी अचूकता बघायला मी मुद्दाम स्टॉलजवळचं टेबल धरते.

मलेशिया-सिंगापूरच्या जुन्या कोपीतियामांपैकी बरीचशी हैनान बेटावरून आलेल्या लोकांनी उभी केली. चीनमधून आलेल्या स्थलांतरितांत ते उशिरा आले. व्यापार आणि मोक्याचे धंदे आधीच्यांच्या हातात गेले होते. मग त्यांनी इंग्रजांच्या घरी आणि जहाजांवर स्वयंपाक्याची कामं धरली, तिथे कॉफी, टोस्ट, अंडी करायला शिकले आणि पुढे स्वतःची दुकानं काढली. संगमरवरी पाट्यांची गोल टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, छताला फिरणारे पंखे. ज्यांनी मुंबईत किंवा पुण्यात इराण्याकडे ब्रून मस्का खाल्ला आहे त्यांना इथे आत शिरताच ओळखीचं वाटतं. माझ्या सासऱ्यांनी तर खुर्चीच्या पाठीवर हात फिरवून बघितला होता.

ऑर्डर कशी द्यायची?

आधी टेबल धरा. मग स्टॉलवर जाऊन काय हवं ते सांगा आणि बसलात ते टेबल हाताने दाखवा. पेयाची ऑर्डर घ्यायला दुकानाचा माणूस तुमच्याकडे येईल. पदार्थ टेबलावर आला की त्या त्या स्टॉलचे पैसे लगेच द्यायचे, पेयाचे वेगळे. सगळ्यांचं एक बिल होत नाही. रोख चालते, आता बहुतेक ठिकाणी क्यूआरही चालतो.

इथल्या गव्हाच्या नूडल्स नको असतील तर तांदळाच्या बारीक ‘बीहून’ किंवा पट्टीसारख्या ‘क्वेतियाव’ मागता येतात; कालवणं तेच. ‘पुतिह’ म्हणजे पांढरी, ‘मेराह’ म्हणजे लाल. घरी न्यायचं असेल तर ‘बुंगकुस’. ऑर्डर घेणाऱ्यांना वयाप्रमाणे ‘अंकल’ किंवा ‘आंटी’ म्हणा, इथे सगळेच म्हणतात.

एक नियम पाळा: बसून खाणार असाल तर पेय मालकाकडूनच घ्या. त्याचं पोट त्यावर आहे. बाहेरून आणलेली पाण्याची बाटली टेबलावर मांडून बसणं बरं दिसत नाही.

सात-आठ महिन्यांनी एका सकाळी मी स्टॉलपाशी पोहोचले आणि आंटींनी झारा हातात धरूनच भुवया उंचावून विचारलं, “सामा?” म्हणजे, तेच, नेहमीचंच? मी मान हलवली. या शहरात आपण राहतो असं मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी वाटलं.

कोपी मागताना लोक काय काय म्हणतात ते कळत नाही.

दोन-तीन दिवसांत कळायला लागतं. नुसतं ‘कोपी’ म्हणजे कंडेन्स्ड मिल्क घातलेली गोड कॉफी. ‘कोपी ओ’ म्हणजे काळी, साखर घातलेली. ‘कोपी सी’ म्हणजे बिनगोडाचं आटीव दूध आणि साखर. शेवटी ‘कोसोंग’ लावलं की साखर नाही, ‘पेंग’ लावलं की बर्फ, ‘काव’ म्हटलं की दाट. हेच शब्द ‘ते’ म्हणजे चहालाही लागतात. ‘कोसोंग’ मलय आहे, ‘ओ’ आणि ‘पेंग’ होक्किएन. ‘कोपी ओ कोसोंग पेंग’ म्हणताना एका दमात दोन भाषा होऊन जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

कॉफीची चव आपल्या फिल्टर कॉफीहून निराळी आहे. बिया साखर आणि मार्गरीन घालून भाजतात, त्यामुळे त्यांच्यावर काळं चकचकीत कवच चढतं आणि जळक्या साखरेचा कडवट-गोड वास येतो. मग ती पूड कापडाच्या लांब पिशवीतून गाळतात. जाड चिनी मातीच्या, हिरव्या फुलांच्या कपात आधी तळाला कंडेन्स्ड मिल्क, वरून कॉफी. चमच्याने ढवळायचं आपण. अजूनही काही म्हातारे ती बशीत ओतून, फुंकर घालून पितात. माझे आजोबा चहा तसाच प्यायचे.

सरावाकची खासियत विचाराल तर ‘ते सी पेंग स्पेशल’ घ्या. उंच पेल्यात तीन थर: तळाला निपा माडाच्या गुळाचा पाक, मध्ये आटीव दूध, वर चहा. हा गूळ, ‘गुला आपोंग’, किंचित खारट असतो. निपा हा खाडीकाठच्या चिखलात वाढणारा माड आहे.

मी शाकाहारी आहे. मला तिथे काय मिळेल?

स्पष्ट सांगते: नेहमीच्या कोलोमी स्टॉलवर जवळजवळ काहीच नाही. इथे ‘कोसोंग’ म्हणजे ‘वर काही नको’; तसं मागितलं तर वरचं मांस येणार नाही, पण वाडग्यात चरबी असतेच, आणि सूप हाडांचं असतं. ‘मांस काढून द्या’ एवढं सांगून शाकाहारी होत नाही. पाहुण्यांना मी हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणाला वाईट वाटायला नको.

पण चिनी शाकाहारी स्टॉल आणि उपाहारगृहं इथे आहेत. पाटीवर ‘素’ हे अक्षर शोधा. चिनी वाचता येत नसलं तरी आकार लक्षात राहतो. ही बौद्ध परंपरेची जेवणं असतात आणि त्यांत बऱ्याचदा कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या माझ्या मावशीला हे ऐकून फार आनंद झाला होता. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, अनेक चिनी कुटुंबं शाकाहार पाळतात, त्या दिवशी या स्टॉलांवर रांग असते. तिथे शाकाहारी कोलोमीही मिळते, वर सोयाबीनचे किंवा मश्रूमचे तुकडे. नूडल्समध्ये अंडं आहे का हे मात्र विचारून घ्या. बीहून घेतलंत तर तोही प्रश्न उरत नाही.

डुकराचं मांस चालत नाही, पण बाकी मांसाहार करतो. मग?

मलय स्टॉलवर ‘मीकोलोक’ मिळतं. पद्धत तीच, चरबीऐवजी तेल, आणि वर गोमांस किंवा कोंबडी. गोमांस नको असेल तर ‘आयाम’ म्हणजे कोंबडी असं ठासून सांगा. हे हलाल असतं.

कोलोमी आधी खावी की सरावाक लाक्सा?

एकच सकाळ हातात असेल तर लाक्सा. तीन-चार सकाळी असतील तर कोलोमीपासून सुरुवात करा, म्हणजे तिला न्याय मिळेल. लाक्सानंतर ती फिकी वाटते.

लाक्सा म्हणजे तांदळाच्या बारीक बीहूनवर ओतलेला दाट, लालसर रस्सा. सुक्या मिरच्या, गवती चहा, लसूण, गलांगल (आल्यासारखा एक कंद), धणे-जिरे आणि इतर मसाले वाटून, परतून, कोळंबी-कोंबडीच्या रश्शात शिजवतात आणि नारळाचं दूध घालतात. वर अंड्याच्या पोळीच्या पट्ट्या, कोंबडीचे धागे, कोळंबी, कोथिंबीर. बाजूला छोटं लिंबू आणि सांबाल म्हणजे मिरचीची चटणी. अमेरिकी शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेन यांनी याला देवांचा नाश्ता म्हटलं होतं, आणि इथले लोक ते अजून अभिमानाने सांगतात.

माझी आई कुडाळची. ती पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला लाक्सा खायला नेलं. तिने चमच्यात थोडा रस्सा आणि दोन शेवया घेतल्या, तोंडात घातल्या, डोळे मिटले आणि म्हणाली, “अगो, हे शिरवाळेच. गुळाऐवजी तिखट घातलंय एवढंच.” नंतर तिने वाडगा तिरका करून तळाचा रस्सा संपवला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहालाच ती चप्पल घालून दारात उभी होती.

काम्पुआ आणि कोलोमी एकच का?

दिसायला जवळच्या, पण सिबूच्या माणसाला असं म्हणू नका. काम्पुआ म्हणजे सरावाकमधल्याच सिबू शहरातल्या फूचौ लोकांच्या कालवलेल्या नूडल्स. चीनच्या फूचौ भागातून ते वोंग नाय सिओंग यांच्या पुढाकाराने १९०१ पासून रजांग नदीकाठी येऊन वसले. त्यांच्या नूडल्स सरळ आणि जरा मऊ, कालवण अधिक साधं. कोलोमीच्या नूडल्स कुरळ्या आणि चिवट.

अजिनोमोटो असतो का?

असतो. नको असेल तर सांगा, घालणार नाहीत. मला स्वतःला त्याची भीती वाटत नाही. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्शातून जी चव वेगळी काढली ती ग्लुटामेटची, आणि तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही असतं. मिठासारखाच तो बेताने वापरायचा पदार्थ आहे.

टेबलावर कोणी आधीच बसलेलं असेल तर?

विचारा आणि बसा. गर्दीच्या वेळी टेबल वाटून घेणं ही इथली रीतच आहे. रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून “आदा ओरांग?” (कोणी आहे का?) एवढं पुरतं.

चॉपस्टिक्स वाडग्यात उभ्या खोचून ठेवू नका. मृतांसाठी भांड्यात लावलेल्या उदबत्त्यांसारखं ते दिसतं, आणि शेजारचे वयस्कर लोक अस्वस्थ होतात. आडव्या ठेवा. चॉपस्टिक्स जमत नसतील तर काटा मागा, कोणालाही त्यात काही वाटत नाही. आणि वाडगा आला की फोटोसाठी फार थांबू नका; आधी तळापासून नीट कालवा. थंड झाल्यावर चरबी थिजते आणि नूडल्सचा गोळा होतो.

भारतात घरी करता येईल का?

हुबेहूब नाही, पण बरीच जवळ जाणारी होते. मी सुट्टीत पुण्याला करते ती अशी. पाव किलो छोटे सांबार कांदे पातळ चिरून, वाटीभर शेंगदाण्याच्या नाही तर वास नसलेल्या तेलात, मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत तळायचे. रंग यायला लागला की लगेच काढायचे. ते बाहेरही थोडे शिजत राहतात. कांदा आणि तेल दोन्ही वेगळं ठेवायचं. चरबीची जागा हेच तेल घेतं.

वाडग्यात दोन चमचे हे तेल, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा व्हिनेगर, पांढरी मिरपूड. नूडल्स अंड्याच्या आणि शक्यतो ताज्या घ्या. पाकिटावर लिहिलंय त्याहून मिनिटभर कमी उकळा, थंड पाण्यात बुडवा, परत गरम पाण्यात, आणि झटका. वरून कोंबडीचा खिमा. मिरच्या आदल्या रात्रीच व्हिनेगर, मीठ आणि चिमूटभर साखरेत घालून ठेवा.

नूडल्सही घरी करायच्या असतील तर खाण्याचा सोडा ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १२० अंशावर तासभर तापवा. त्याचा सोडियम कार्बोनेट होतो. २५० ग्रॅम मैद्याला अर्धा चमचा पुरतो. हाताला झोंबतो, म्हणून चमच्याने घ्या आणि पाण्यात विरघळवूनच पिठात घाला.

कुचिंगमध्ये कुठे जावं?

जुन्या गावात कार्पेंटर स्ट्रीटवर, देवळासमोर, लाऊ या केंग नावाची जागा आहे. तिथे बसून खाता खाता समोर चिनी संगीतनाटकांसाठी बांधलेला जुना रंगमंच दिसतो. पाडुंगान भागातही रांगेने कॉफीशॉप आहेत. पण माझा सल्ला असा की तुम्ही जिथे उतरला असाल तिथल्या जवळच्या, सकाळी सातला भरलेल्या दुकानात शिरा. २०२१ मध्ये युनेस्कोने कुचिंगला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला, आणि तो मान अशा बिननावाजलेल्या दुकानांच्या जोरावर मिळाला असं मी मानते.

किती वाजता जावं आणि किती खर्च येतो?

वाडगा साधारण पाच ते आठ रिंगिट, कोपी दोन-तीन रिंगिट. एक रिंगिट वीस रुपयांच्या आसपास धरा. क्वालालंपूरहून विमानाने येत असाल तरी पासपोर्ट हाताशी ठेवा, सरावाक राज्यात शिरताना तो वेगळा तपासतात.

साडेसहा ते नऊ ही वेळ उत्तम. चांगले स्टॉल दहा-साडेदहाला संपतात. चिनी नववर्षाला बरेच दिवस बंद असतात, आणि आठवड्याची सुट्टी प्रत्येकाची निराळी. आमच्या आंटी सोमवारी नसतात. रविवारी साडेनऊनंतर गेलात तर नूडल्स असतील, पण मिरच्या संपलेल्या असतील.